रविवारचं आमेन

“बटाटे गार झाले गं, याची प्रार्थना काही संपत नाही,” सासूबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या.

माझा नवरा मर्ल ट्रकवाल्यांच्या ऑनलाइन गटात शिरल्यापासून जेवणाआधीच्या प्रार्थनेत आधी त्याच्या ट्रकच्या कंपनीचं नाव येतं, मग गटाच्या निवडणुकीतल्या उमेदवाराचं. आमच्या मुलाने, कोडीने, दुसऱ्या कंपनीचा ट्रक घेतला, तर या बापाने पोटच्या पोराचं नावच प्रार्थनेतून गाळलं.

मर्ल ‘आमेन’ म्हणाला. पाठोपाठ, दर रविवारसारखेच, शेकडो पुरुष ‘आमेन’ म्हणाले. टेबलाशी आम्ही तिघंच होतो. मर्लचा फोन तर मी गॅरेजात ठेवला होता.

आज माझं डोकं फिरलं. “कोडीचं नाव घे, मर्ल.”

“कोण कोडी?” शेकडो आवाजांनी विचारलं. मर्लचे ओठ मिटलेले होते.

सासूबाईंनी प्रार्थनेसाठी त्याच्या हातात दिलेला आपला हात सोडवला आणि मला म्हणाल्या, “जोलीन, हा माझा मुलगा नाही.”