कुणाची काही हरकत?

गरोदरपणातल्या रक्तदाबावरचा डॉक्टर रौताला यांचा प्रबंध जोरात होता: चारशे बायका, सहा वर्षं पाठपुरावा, आणि किडनी एकीचीही गेली नाही! कुओपिओच्या विद्यापीठात आज त्याची जाहीर परीक्षा होती. शेवटी रीतीप्रमाणे प्राध्यापकांनी विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाची काही हरकत?" हे नुसतं विचारायचं असतं. हरकत कुणीच घेत नाही, सगळ्यांचा जीव बाहेरच्या कॉफी-केकमध्ये अडकलेला असतो.

मागच्या रांगेतली साइमी मात्र ताडकन उठली. सातव्या महिन्यात डोकं ठणकतंय, पाय सुजलेत म्हणून ती याच डॉक्टरांकडे गेली होती, तेव्हा ते हसले होते. "पहिलटकरणींची नाटकं! घरी जा, पाय वर करून पडा."

"डॉक्टर, पान बहात्तर," साइमी खणखणीत आवाजात म्हणाली. "'क्रमांक एक्केचाळीस यायची बंद झाली, कारण माहीत नाही, म्हणून वगळली.' ती मी."

"अहो बाई, मग यायचं होतंत की!" डॉक्टर सभागृहाकडे बघून हसले.


"येते ना! आठवड्यातून तीनदा, तुमच्या बरोब्बर खालच्या मजल्यावर, डायलिसिसला."