सहा मिनिटांचा ठेका

"हे टेक्नो नाही, हाउस आहे. आणि नक्कल तर मुळीच नाही," लेकीने टेबलावर बोट आपटत सांगितलं.

समोरच्या समीक्षकांनी शांतपणे चष्मा पुसला. त्यांना कसलीच घाई नव्हती.

वाद चालला होता ग्रंथालयाच्या वरच्या सभागृहात, पन्नासेक लोकांसमोर, आणि वादाचं मूळ होतं एक काळी तबकडी. ती लेकीच्या मामाने केलेली. मामा टीव्ही दुरुस्त करायचा. दुकानामागच्या खोलीत जुन्या बाजारातून आणलेलं ठेक्याचं यंत्र जोडून त्याने चाळीस वर्षांपूर्वी नाचाची ही तबकडी तयार केली होती. आता संग्रहालयात सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचं दालन उघडणार होतं आणि तबकडी काचेच्या पेटीत बसणार होती. राहिली होती फक्त पेटीवरची पाटी. पाटीवर दोन ओळी भरायच्या होत्या: संगीताचा प्रकार, म्हणजे टेक्नो की हाउस, आणि प्रभाव, म्हणजे ते कुणामुळे घडलं. समीक्षकांचं खरं ठरलं तर दुसऱ्या ओळीत 'परदेशी टेक्नो' असं लागणार होतं. म्हणजे मामा कायमचा नक्कल करणारा. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याच्या वतीने भांडायला भाची आली होती, आणि भांडण हा तिचा हातखंडा. या विषयावर तिची दोन पुस्तकं होती आणि वादात ती आजवर कुणालाच हार गेली नव्हती.

तिसऱ्या रांगेत तिची आई बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. विषय तिला अर्धाच कळत होता. एकुलती एक लेक बोलतेय एवढ्यानेच तिचा ऊर भरून येत होता.

"हाउसमध्ये माणसाचा गळा लागतो, मॅडम," समीक्षक म्हणाले. "इथे पहिली सहा मिनिटं नुसतं यंत्र ठोकतंय. सूर नाही, शब्द नाही."

"गळा येतो की, सातव्या मिनिटाला. पाहुणा उशिरा आला म्हणून कुणी लग्न मोडत नाही."

लोक हसले. समीक्षकही हसले. मग त्यांनी पिशवीतून आणखी एक तबकडी काढली. मामाचीच, पण आधीची, चाचणीची. तीत ठेका चारच मिनिटं होता. दोन्हींमध्ये दोन महिन्यांचं अंतर, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत सहा मिनिटांच्या कोऱ्या ठेक्याची एक परदेशी तबकडी शहरातल्या दुकानात आली होती.

"तुमच्या मामांनी ती ऐकली आणि दोन मिनिटं वाढवली. दुसरं काही कारण असेल तर सांगा. मी माझे शब्द मागे घेईन."

लेकीला ही चाचणीची तबकडी माहीतच नव्हती. तिने कागद चाळले. पुन्हा चाळले.

"कारण मी सांगते," आई उभी राहिली. "तो ठेका मीच मागितला होता."

स्केटिंगच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी तबकड्या लावायचं काम तिचं होतं. एकटीचं. एक गाणं तीन मिनिटांत संपायचं, त्याआधी दुसरं तयार ठेवावं लागायचं. जागा सोडायची सोय नव्हती. कामावर मुलं आणायची नाहीत असा मॅनेजरचा दंडक होता. तिने बाळ सासूबाईंकडे असतं म्हणून थाप मारली होती. प्रत्यक्षात मागच्या दाराने आणून ते कोठारात, स्केट्सच्या कपाटाआड घोंगडीवर निजवायचं.

"बाळ रडलं की भिंतीपलीकडून ऐकू यायचं," ती म्हणाली. "तीन मिनिटांत जाऊन, पाजून परत कशी येणार? मी भावाला म्हटलं, मागे वळून बघायला लागणार नाही असं काहीतरी करून दे. त्याने करून दिलं. शेवटी गळा घातला तो माझ्यासाठी. गाणारी सुरू झाली की पदर सावरून मी धावत जागेवर."

"मग चाराची सहा का झाली?" समीक्षकांनी विचारलं. आवाजातली धार गेली होती.

"भूक वाढली हो बाळाची. चार पुरेनात. भाऊ म्हणाला, ताई, किती हवीत? मी घड्याळ लावून बघितलं आणि सहा सांगितली. पहिल्यांदा स्केटिंगला आलेली पोरं बिचकली. महिन्याभरात अशी झाली की गळा सुरू झाला की ओरडायची, गाणं कशाला, ठेकाच राहू दे. मग बाकीचे हॉलवालेही भावाकडे तसल्याच तबकड्या मागायला लागले. परदेशातून काही यायची गरजच पडली नाही, साहेब. आता ते हाउस की काय, ते तुमचं तुम्ही ठरवा."

लेक आईकडे वळली. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? या विषयात तू सांगतेस आणि मी ऐकते."

हशा पिकला. समीक्षकांनी दोन्ही तबकड्या जपून एकावर एक ठेवल्या आणि शब्द मागे घेतले, तेही उभं राहून. संग्रहालयाच्या बाईंनी पाटीचा मसुदा पुढे ओढला. पहिल्या ओळीवर वाद चालूच राहणार हे त्यांना दिसत होतं. त्यांनी दुसऱ्या ओळीवर पेन टेकवलं.

"ही रिकामी ठेवता येत नाही. प्रभाव कुणाचा लिहू?"

लेक उठली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

"लिहा," ती म्हणाली. "माझा."