समोरच्या भिंतीवरचा आरसा

शनिशिंगणापुरात सासरी आलेल्या निकिताने फार खर्च न करता दोन खोल्यांचं घर पार नवं करून टाकलं. गावच्या रीतीप्रमाणे चौकटीला दार नव्हतंच. तिथं तिने जुन्या इरकलीचा पडदा शिवून लावला. पत्र्याच्या कपाटाला पिस्ता रंग दिला आणि समोरच्या भिंतीवर मोठा आरसा टांगला. खोली दुप्पट दिसायला लागली. बघायला आलेल्या बाया आरशापुढून हलेनात.

आरसा नेमका तिथंच का, हे मात्र तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नगरला कडी-कुलपाआड वाढलेल्या निकिताला आता स्वयंपाकाच्या ओट्यापासूनच दिसायचं, आत कोण आलं आणि कपाटाकडे तर जात नाही ना. या सवयीची तिची तिलाच लाज वाटायची. तरी पडदा हलला की मान वळायचीच.

शेजारच्या गोजरबाई पूर्वी हाक न मारता आत यायच्या आणि फळीवरचं विरजण घेऊन जायच्या. हल्ली त्या वाटी घेऊन अंगणातच उभ्या राहायला लागल्या.

“आत या की आजी,” निकिता एकदा म्हणाली. “घर आवडलं नाही का?”

“आवडलं की. आरसा तर लई झ्याक हाय.” गोजरबाईंनी बाहेरूनच वाटी पुढे केली.

 

“पन पोरी, आत पाऊल टाकलं की त्यात मला आदी तुजे डोळे दिसत्यात.”