थेट चर्चा

"नव्या बंदराला विरोध करायला तुम्हाला फूस कोण लावतं, सुगंधाताई?" थेट ऑनलाइन चर्चेत निवेदक श्रीरंगनं विचारलं, आणि फोनसमोर बसलेली सुगंधा तांडेल पुढे सरसावली. गेल्या वर्षी हाच माणूस तिच्या ओट्यावर बसून, 'बंदराविरुद्ध रस्त्यावर उतरा,' म्हणून गरजला होता.

"तुमच्याच सांगण्यावरून माझा पोरगा मोर्च्यात पुढे झाला. तो अजून तुरुंगात आहे," ती कडाडली. "तुम्ही कधी उलटलात?"

"अभ्यास वाढला की मतं बदलतात."

"मग हे त्याच्या तोंडावर सांगा. येताय तुरुंगात?"

श्रीरंगनं बोटानं खूण केली आणि तिचा माइक बंद झाला.

"ताईंचं नेटवर्क गेलेलं दिसतंय," तो प्रेक्षकांना हसून म्हणाला.

सुगंधाला त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.