घरातलं माणूस, शाळेतलं माणूस

"विशेषण मुलाच्या तोंडून येऊ दे, पेन्सिलीतून नको. स्वतः लिहायला बसलं की मूल तुला आवडेल तेच लिहितं."

निवृत्त झालेल्या मोठ्या बाईंचं हे सांगणं दुसरीच्या बाईंनी नऊ वर्षं मनापासून पाळलं होतं. त्यांच्या वर्गात विशेषणं जोडीने व्हायची. एकाने सांगायचं, शेजारच्याने लिहायचं, मग उलट. कागदावर नाव घालायचं नाही.

त्या दिवशी आधी कापडी पिशवी फिरली. मुलं डोळे मिटून आत हात घालत आणि हाताला लागेल ते कसं आहे ते सांगत.

"खरखरीत!"

"गुळगुळीत!"

"चिकट!"

"अरे, चिकट काही ठेवलंच नाही मी."

"बाई, माझा हातच चिकट आहे."

वर्ग खिदळला. बाई टेबलाला धरून हसल्या. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तेवढी नुसती बघत राहिली. तिला बाई सहसा काही विचारत नसत.

मग कागद वाटले. वर 'घरातलं माणूस', खाली 'शाळेतलं माणूस'. प्रत्येकासाठी पाच विशेषणं.

मधल्या सुट्टीत कागद चाळता चाळता बाई एका कागदापाशी थांबल्या. वर लिहिलं होतं: 'आई. गप्प, दमलेली, घाईतली, चिडकी, दूरची.' आणि खाली: 'आमच्या बाई. हसऱ्या, शांत, मऊ, गमतीदार, जवळच्या.'

लेकराला घरी जे मिळत नाही ते ते माझ्यात शोधतंय, त्यांना वाटलं. थोडं बरंही वाटलं, नाही असं नाही.

अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. मात्रा अशी आडवी झोपवणारी वर्गात एकच, कपडे शिवणाऱ्या ताईंची मुलगी. रोज वह्या तपासणाऱ्या माणसाला अक्षर म्हणजेच मूल वाटायला लागतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंना बोलावून घेतलं.

ताई हातातलं काम टाकून आल्या. गळ्यात मोजपट्टी तशीच होती.

"मुलीशी घरी बोलता का हो तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"बोलते म्हणजे? तिचे बाबा म्हणतात, मशीनचा आवाज परवडला, पण तू थांब!"

बाई हसल्या नाहीत. "मूल काही बोलत नाही म्हणून त्याला कळत नाही असं नसतं, ताई. कामं सगळ्यांनाच असतात. पण दिवसभरात पोरीला दहा मिनिटं जवळ घ्यायला काय लागतं? आई असून नसल्यासारखी झाली, तर लेकराने जायचं कुठे?" आणि त्यांनी कागद पुढे सरकवला.

ताईंनी एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं आणि डोळे भरले.

"दूरची? बाई, एका खोलीत राहतो आम्ही. तिचं अंथरूण माझ्या मशीनला टेकलेलं असतं. पाय लांब केला तरी पोरीला लागतो."

बाईंनी मुलीला बोलावलं. तिने कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"हे माझं नाही. मी नुसतं लिहिलं. सांगितलं दुसरीने. तुम्हीच म्हणाला होतात ना, बाई?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईने गठ्ठा उपसला. "मग तू काय सांगितलं होतंस?"

मुलीने आपला कागद बरोबर काढून दिला. 'आई. बडबडी, गुबगुबीत, घोरणारी, लाडकी, माझी.'

"घोरणारी!" ताई डोळे पुसता पुसता हसल्या. "घरी चल, दाखवते तुला घोरणं."

"ताई, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "न विचारता काय काय बोलून बसले."

"असू दे, बाई. पोरीच्या भल्यासाठीच बोललात." ताई उठता उठता थांबल्या. "पण ज्या आईचं हे आहे, तिलाही असंच समोर बसवा. मला सुनावलंत तेवढं तिलाही सुनवा. फक्त जरा हळू. कागद वाचूनच अर्धी मरेल ती. द्या शब्द."

"दिला. आजच बोलते."

ताई दारापर्यंत गेल्या तेव्हा बाईंनी मुलीला जवळ घेऊन विचारलं, "कोणी सांगितलं होतं गं?"

मुलीने बाईंकडे पाहिलं, मग खाली. "माझ्या शेजारची," ती पुटपुटली.

शेजारची म्हणजे तिसऱ्या बाकावरची, पिशवीच्या खेळात नुसती बघत राहिलेली. बाईंनी तो कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

शाळा सुटली. व्हरांडा रिकामा झाला. बाईंनी तपासायच्या वह्या आज तशाच कपाटात ठेवल्या, तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि दिलेला शब्द पाळायला निघाल्या. त्या आईला गाठायला लांब जायचं नव्हतं.

पायरीवर तिसऱ्या बाकावरची ती मुलगी रोजच्यासारखी एकटीच दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

"बाई, झाल्या वह्या?"

बाईंनी मान हलवली आणि तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. दोघी मुकाट्याने मैदान ओलांडून फाटकाबाहेर आल्या. बाहेर पाऊल पडताच मुलीने मागे वळून शाळा खरंच मागे पडली का ते पाहिलं, बाईंचं बोट धरलं आणि हळूच विचारलं,

"आई, आता बोलू?"