शंभरातली सात युनिटे

सकाळचे ऊन आधी सबस्टेशनच्या तारांवर आले, मग सावकाश उतरत पांढऱ्या कंटेनरांच्या छपरांवर पसरले. त्यात विशेष काही नव्हते. रोजचेच, फिकट, किंचित धुळकट. तरी प्रशांत ते बराच वेळ पाहत राहिला. उन्हाकडे पाहताना शेजारी उभ्या रखवालदार लक्ष्मणरावांकडे पाहावे लागत नव्हते.

कंटेनरांत कंपनीच्या बॅटऱ्या होत्या. दुपारी त्यांत वीज साठवायची, संध्याकाळी हैदराबादला परत द्यायची. शंभर युनिटे भरली तर एक्क्याण्णव परत मिळावीत, असे प्रशांतचे संगणकावरचे गणित सांगे. बॅटऱ्यांचे तीन वर्षांचे वयही त्याने त्यात धरले होते. मीटरवर मात्र चौऱ्याऐंशीच येत. उरलेली सात कुठेतरी जात होती, आणि यार्डाच्या किल्ल्या लक्ष्मणरावांकडे होत्या. प्रशांतने वरिष्ठांना तसे लिहून कळवले होते. आज चौकशीची माणसे यायची होती. गणित कायम राहिले, तर लक्ष्मणरावांची नोकरी राहणार नव्हती.

"क्वार्टरमधला कूलर कशावर चालतो, काका?"

"हौ, म्हणजे चोर मीच!" लक्ष्मणराव हसले. "क्वार्टरचं मीटर अलग आहे, बाबू. बाहेरच टांगलंय, बघून घ्या."

"पाहिलं."

"मग आता माझा टिफिन उघडता का?"

प्रशांतची नजर खरोखरच डब्याकडे गेली. तो ओशाळला, पण संशय गेला नाही.

लक्ष्मणरावांनी त्याला हाताला धरून पहिल्या कंटेनरच्या मागे नेले. भिंतीवरचे दोन मोठे एसी गरम वारा बाहेर फेकत घरघरत होते.

"गरमीनं बॅटरी जल्दी म्हातारी होते, एसी बंद करू नक्को, हे तुम्हीच सांगितलं ना? असे चोवीस आहेत. दिवसरात्र चालतात, तेही ह्याच मीटरवर. ह्यांचं खाणं तुमच्या हिशेबात धरलं का नाही?"

"धरलंय," प्रशांत म्हणाला.

फाटकाशी जीप थांबली. लक्ष्मणरावांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"बरं. तुम्ही शिकलेले. धरलं म्हणता, तर धरलंच असेल."

ते फाटकाकडे चालू लागले. प्रशांतने हाक मारली नाही.

त्याच्या गणितात एसीच्या विजेच्या रकान्यात शून्य होते. ते त्यानेच भरले होते.