व्हॅलिडिटीचा कागद

“व्हॅलिडिटी नसेल तर सीट सोडावी लागेल,” खिडकीतला क्लार्क म्हणाला आणि त्याने पुढच्याला हाक मारली.

पुढचा येणार कुठून? गिरजाबाई खिडकीवरून हलतच नव्हत्या. आर्किटेक्चर कॉलेजच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. पाचला खिडकी बंद होणार, आणि पावणेपाच तर इथेच झाले होते. त्यांची नात मैत्री काचेला चिकटून उभी होती. तिने आत दिलेल्या फायलीत जातीचा दाखला होता, पण तो दाखला खरा असल्याचं व्हॅलिडिटी प्रमाणपत्र नव्हतं. त्यासाठी अर्ज केल्याची नुसती पावती होती.

मैत्रीचा बाप विलास चाकणला गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये कामाला. त्या एका कागदापायी फेब्रुवारीपासून त्याच्या अकरा सुट्ट्या गेल्या होत्या. त्याने क्लार्कपुढे हात जोडले.

“साहेब, आठ दिवसांची मुदत द्या. पाया पडतो.”

“हात खाली कर,” गिरजाबाई म्हणाल्या. “पोरीनं परीक्षा दिलीय, भीक न्हाई मागितली.” मग त्या काचेकडे वळल्या. “आन तू रं बाळा, पावती दिसती ना तुला? कागद हापिसात पडलाय. आमी काय घरात लपवून ठेवलाय का?”

“आजी, नियम मी केलेला नाही.”

“मग राबवायची एवढी घाई कशाला?”

रांगेतून कुणीतरी कुरकुरलं, “आजी, आमची बस जाईल.”

“तुमची बस जाईल, हिची पाच वर्षं जातील. थांबा जरा.”

आवाज ऐकून अंजली मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. नव्या मुलांना मार्गदर्शन करायला कॉलेजने त्यांनाच नेमलं होतं. त्यांनी मैत्रीच्या हातातलं सीट मिळाल्याचं पत्र घेतलं.

“हे पूर्ण वाचलंस का तू?”

वाचलं होतं कुणी? कॉलेजचं नाव दिसलं आणि संत तुकाराम नगरात अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटून झाले. नावाखालच्या बारीक ओळीकडे कुणी बघितलं नाही. बालवाडीच्या फॉर्मपासून या घरात कॅटेगरीचा रकाना सगळ्यांत आधी भरायचा. जागा मिळाली म्हणजे त्या रकान्यातलीच, त्यात विचारायचं काय?

मॅडमनी त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं आणि पत्र काचेखालून आत सारलं.

“सीटचा प्रकार तुम्हीही बघितला नाहीत. ही राखीव सीट नाहीच. ओपनची आहे. मुलगी मेरिटवर आलीय. हिच्या प्रवेशाला व्हॅलिडिटी लागत नाही.”

क्लार्कने पत्र वाचलं. मग कॉम्प्युटरवर बघितलं. त्याचे कान लाल झाले आणि बोटं भराभर चालायला लागली. मैत्रीने बापाच्या शर्टाची बाही मुठीत धरली. ती हसत होती. विलास एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता, “म्हणजे झालं ना, मॅडम? झालं ना?”

“झालं,” मॅडम म्हणाल्या.

गिरजाबाईंनी मात्र वेगळंच विचारलं. “मग आमच्या वाटणीची जागा?”

“ती तशीच आहे. तुमच्याच कॅटेगरीच्या यादीतल्या पुढच्या मुलाला मिळेल.”

“म्हंजे आमची दोन पोरं आली.” त्यांनी पदर खांद्यावर नीट ओढून घेतला.

पाचला चार मिनिटं कमी असताना प्रिंटरमधून प्रवेशाची पावती आली. क्लार्कने शिक्का मारला. फायलीतून जातीचा दाखला काढून त्याने बाहेर सरकवला. आता तो चांगला मऊ बोलत होता. “हा प्रवेशाला लागत नाही, आजी. घरी घेऊन जा.”

गिरजाबाईंनी दाखला परत आत ढकलला.

“लागत नसंल तर न लागू दे. फायलीत सगळ्यांत वर लाव. खुल्या जागेवर कोण बसलंय, ते उघडणाऱ्याला पयलं कळू दे.”